वाचक विचारतात : घाटात गाडी लागते, मग तरंगत्या विमानात काय?

प्रश्न : पसरणी घाटात मला हमखास गाडी लागते. फ्रान्समध्ये प्रवाशांना काही सेकंद हवेत तरंगवणारं ‘वजनरहित’ विमान आहे म्हणे; त्यात माझ्यासारख्याने बसावं का?
– एक वाचक, वाई (जि. सातारा)

उत्तर : बसावं, पण मळमळणार हे धरूनच. फ्रान्सच्या बोर्दो शहरातलं हे एअरबस ए-३१० विमान सुमारे ६,००० मीटरवरून नाक ५० अंशांपर्यंत उचलतं. त्याला २० सेकंदं लागतात आणि तेवढ्यात अंगावर १.८ पट भार येतो. ६० किलोचा माणूस १०८ किलोचा होतो. मग इंजिनांचा जोर हवेच्या अडथळ्यापुरताच ठेवतात आणि विमान भिरकावलेल्या चेंडूसारखं वर जाऊन खाली येतं. हीच तरंगण्याची २२ सेकंदं. लगेच पुन्हा २० सेकंदं १.८ पट. प्रवाशांच्या उड्डाणात असं १५ वेळा; म्हणजे खरं तरंगणं फार तर साडेपाच मिनिटांचंच!

कानाच्या आतल्या भागात चुन्याचे सूक्ष्म खडे असतात. ते कधी जवळजवळ दुप्पट दाबतात, कधी दाबतच नाहीत. डोळे वेगळंच सांगतात, आणि पोट ढवळतं. म्हणून भार असताना पाठीवर आडवं व्हा, छतावरच्या एका ठिपक्यावर नजर ठेवा, मान अजिबात वळवू नका. नेमकी इथेच बहुतेक जण चूक करतात : शेजारी काय करतोय ते बघायला डोकं फिरवतात.

उड्डाणाआधी स्कोपोलामाइन हे मळमळ रोखणारं औषध देतात. त्याने तोंड कोरडं पडतं, जवळचं धूसर दिसतं. काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. उपाशी जाऊ नका, पण तर्रीदार मिसळही नको. उलटीची पिशवी खिशात ठेवा आणि वापरताना तोंडाला घट्ट लावून धरा, कारण तरंगताना काहीच आपोआप खाली पडत नाही.

पहिल्या फेरीत लोक विहिरीत पोहल्यासारखे पाय मारतात. हवेत त्याने पुढे जाता येत नाही, फक्त शेजाऱ्याला लाथ बसते. बोटाने जमिनीला हलकं टेकलं तरी पुरे. जोरात रेटा दिलात तर डोकं छताला. तरंगणं संपत असल्याची सूचना ऐकताच पाय जमिनीकडे घ्या. छताजवळ राहिलेला माणूस पोत्यासारखा आदळतो.

प्रश्न : इतक्या उंचीवर गुरुत्वाकर्षण संपतं का?
– एक विद्यार्थिनी, मिरज (जि. सांगली)

उत्तर : नाही. माथ्यावर, ८,५०० मीटरवरही, किलोमागे जेमतेम तीन ग्रॅमचा फरक पडतो. विमान आणि तुम्ही एकाच वेगाने पडत असता, त्यामुळे पायाखालची जमीन तुम्हाला रेटत नाही. जत्रेतल्या पाळण्यात खाली येताना पोटात गोळा येतो ना? तोच प्रकार, फक्त पुरा आणि २२ सेकंदं टिकणारा.