पाऊस मोबाइलवर पडला, शिवारात नाही

प्रश्न : काका, माझं तीन एकर सोयाबीन. जूनमध्ये मोबाइलवर ‘चांगल्या पावसाची शक्यता’ असा संदेश आला. एक सर झाली आणि मी चाड्यावर मूठ धरली. पुढं सोळा दिवस थेंब नाही, दुबार पेरणी करावी लागली. गुरं राखून आलेले आबा म्हणाले, तो मोबाइल विहिरीत टाक. काय करू?
— एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : पेरायच्या दिवशी ओल किती खोल गेलीय, ते उकरून पाहिलं होतंत का? पत्रात तसं कुठं दिसत नाही, म्हणून विचारतो.

हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, ‘मेघदूत’ या मोबाइल ॲपवर मराठीतही वाचता येतो. त्यातला अंदाज असतो पुढच्या पाच दिवसांचा, तोही जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा. तुमच्या बांधाचा नव्हे. सहाव्या दिवसापासूनच्या उघडिपीत कोंब तगवते ती जमिनीतली ओल. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये असं कृषी विद्यापीठ सांगतं.

हे मोजायला यंत्र नको. सरळ उभ्या कडांचा पत्र्याचा डबा झाडापासून लांब, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून पाणी मोजा, वहीत लिहा, डबा उपडा करा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे 10 मिलिमीटर पाऊस. डब्याचं तोंड लहान असो की मोठं, फरक पडत नाही. माझ्या गोठ्यामागं तेलाचा जुना डबा आहे. पोरं त्याला ‘काकांची वेधशाळा’ म्हणतात, म्हणू देत.

मग संदेश कशाला वाचायचा? फवारणीसाठी आणि काढणीसाठी. मागच्या ऑगस्टमध्ये अळीसाठी पंप भरायच्या बेतात होतो. संदेशात दुसऱ्या दिवशीचा पाऊस दिसला, मजुरांना ‘परवा या’ म्हणालो. शेजाऱ्यानं त्याच दुपारी फवारलं आणि रात्रीच्या पावसात औषध धुऊन गेलं. काढणीला तर मी दोनदा वाचतो. परतीच्या पावसात उघडी गंजी भिजली की शेंगेतच दाण्याला मोड येतात. ताडपत्री आदल्या दिवशी काढून ठेवलेली बरी.

आणि आबा अजून गुरं घेऊन माळावर जातात ना? घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये ‘दामिनी’ हे ॲप घाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे, जवळपास विजांचा धोका असला की सूचना देतं. सूचना आली की आबांना लगेच फोन करा, झाडाखाली थांबू नका म्हणावं. विहिरीचं त्यांच्याशी मग बोलू.