0.86 आला म्हणून पेढे वाटू नकोस अजून

प्रिय बाय,

तुझ्या परीक्षेच्या चिंतेवरच्या प्रश्नावलीची फाइल काल रात्री उघडली. आधी मेसेज वाचला, "मॅडम अल्फा 0.86 आला आणि दोन फॅक्टर पण निघाले!!", मग आउटपुट बघितलं, मग चहा करून आणून परत बघितलं. अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं आपसात किती जुळतात तो आकडा, चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या फॅक्टरला, म्हणजे एकत्र जुळून आलेल्या प्रश्नांच्या गटाला, तू जे 'परीक्षा-धैर्य' असं झकास नाव दिलंयस ना, ते थिसिसमध्ये छापून जायच्या आधी मला त्यावर भांडायचंय.

त्या फॅक्टरमध्ये सहा प्रश्न आहेत. ते सहाही कागदावर हाताने एकाखाली एक लिहून काढ, स्क्रीनवर दिसत नाही ते कागदावर दिसतं. 'पेपर हातात आल्यावर मी गोंधळत नाही.' 'निकालाच्या विचाराने माझी झोप उडत नाही.' 'आईबाबा काय म्हणतील याची मला भीती वाटत नाही.' दिसलं काय? सहाच्या सहा वाक्यांच्या शेवटी 'नाही', आणि उरलेल्या अठरांत एकातही नाही. झोप, आईबाबा, पेपर, हे तीन वेगळे विषय झाले, त्यांना एकत्र बांधणारी वस्तू धैर्य नव्हे गो, वाक्याचं शेपूट आहे. हे तुझ्या एकटीचं झालेलं नाही. रोझेनबर्ग यांची 1965 ची आत्मसन्मान मोजायची स्केल घे, दहाच प्रश्न, पाच सुलटे (स्वतःबद्दल चांगलं सांगणारे) पाच उलटे (वाईट सांगणारे), आणि तिथेही उलट्या प्रश्नांचा वेगळा फॅक्टर निघतो, तो खरा की नुसता वाक्यरचनेचा यावर लोक कित्येक वर्षं पेपर लिहितायत.

आणि हे तर आपल्याला पायलटलाच, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीफेरीतच, दिसायला हवं होतं. गोव्यातल्या पेडण्याचा तो मुलगा आठवतो तुला, खिडकीकडचा, पेन्सिल चावणारा? झोपेच्या प्रश्नावर तो अडला, मागे बघितलं, पुढे बघितलं, शेवटी मलाच विचारलं, "टीचर, माझी झोप उडते, मग हय काय ना?", म्हणजे हो की नाही. बिचाऱ्याचं काय चुकलं सांग. झोप उडते, म्हणजे 'उडत नाही' या वाक्याशी तो असहमत, म्हणजे नाहीला नाही म्हणायचं, तेही पाच पर्यायांत, 'काहीसा असहमत' की 'पूर्ण असहमत' ते ठरवून. मी काही बोलायच्या आत त्याने मधल्या खान्यात टिक केली आणि पुढे गेला. आता तुझी एक्सेल शीट उघड आणि त्या सहा कॉलमांत 3 किती वेळा आलाय ते मोज, मी मोजलंय, पण मी सांगत नाही, तूच मोज.

दुसरी गोष्ट 13 नंबरच्या प्रश्नाची. 'परीक्षेआधी माझी उमेद खचते.' याचा बाकीच्या स्कोअरशी संबंध 0.11 आलाय आणि तू शेजारी लिहिलंयस 'डिलीट?'. डिलीट कर, पण का ते कळून कर. वाक्य मराठीत ठीक आहे, पुण्याच्या मुलाला दिलं तर तो बरोबर उत्तर देईल. आपली मुलं घरी कोकणी बोलतात, प्राथमिक मराठीतून झालेलं, पाचवीपासून इंग्लिश, आणि कोकणीत उमेद म्हणजे आनंद, हौस. एक मुलगी तर चक्क हसली होती, "परिक्षेची कोणाक उमेद आसता टीचर?" तिने वाचलेला प्रश्न आणि तू विचारलेला प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुन्हा इंग्लिशमध्ये उलट भाषांतर करून तपासायची पद्धत तू वापरलीस ते चांगलंच केलंस, पण उलट भाषांतर करणारी तुझी मैत्रीण मराठी एमए, तिला उमेद अडणारच नव्हती. अडते ती नववीतल्या पोरांना. म्हणून म्हणते आठ-दहा मुलं घे, एकेकाला शेजारी बसव, प्रश्न मोठ्याने वाचायला लाव आणि 'तुला यात काय विचारलंय असं वाटतं?' एवढंच विचार. यात कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही म्हणून लोक हे करत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता अल्फा. तुझे गाईड म्हणतात 0.90 कर, पाच प्रश्न काढ. त्यांना काही बोलू नकोस, पण हिशोब समजून घे. अल्फा दोन गोष्टींवर चढतो, प्रश्नांचा आपसातला संबंध आणि प्रश्नांची संख्या. 24 प्रश्न आणि अल्फा 0.86 म्हणजे दोन प्रश्नांमधला सरासरी संबंध फक्त 0.20 च्या आसपास. संबंध 0.30 धर, 10 प्रश्नांना अल्फा 0.81 येतो, तेच 20 केले की 0.90, प्रश्न तसूभरही सुधारलेले नसताना. आणि याहून वाईट ऐक. 12 प्रश्न घे, सहा एका विषयाचे सहा दुसऱ्या, आपापल्या गटात संबंध 0.50 आणि दोन गटांमध्ये शून्य, म्हणजे एकमेकांशी काही घेणंदेणं नसलेल्या दोन स्केली एका कागदावर छापलेल्या. अल्फा किती येईल? 0.78. तेव्हा 'अल्फा चांगला आला म्हणजे स्केल एकच गोष्ट मोजते' हे जे वाक्य तू चौथ्या प्रकरणात टाकलंयस ते आधी खोड.

तो 0.70 चा आकडा सगळे देवाने सांगितल्यासारखा लिहितात ना, त्याच्याबरोबर ननली यांचं नाव येतं, आणि त्यांनी 1978 मध्ये 0.70 म्हटलं ते संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी. एखाद्या मुलाबद्दल निर्णय घ्यायचा असेल, याला समुपदेशनाला पाठवायचं की नाही वगैरे, तर निदान 0.90 पाहिजे असंही त्यांनीच म्हटलंय, ते कोणी कोट करत नाही. खुद्द क्रॉनबॅक यांनी 1951 मध्ये अल्फाला नाव दिलं आणि त्यांच्या मागून 2004 मध्ये जो लेख छापून आला त्यात, बहुतेक डेटा तपासायला हे सूत्र सगळ्यात योग्य आहे असं आपल्याला आता वाटत नाही, असं स्वतःच सांगून टाकलं. तू अल्फाबरोबर ओमेगा पण दे, तोही तसाच आकडा पण सगळे प्रश्न सारख्याच वजनाचे न धरणारा, जामोवी सॉफ्टवेअरमध्ये एक टिक जास्त करायची आहे फक्त.

माझी फजिती तुला कधी सांगितली नाही वाटतं. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत 40 प्रश्न आणि अल्फा 0.93, मी हवेत. व्हायव्हाला, म्हणजे थिसिसच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी कागद हातात घेतला, पेनाने तीन-तीन प्रश्नांना कंस करत गेले आणि विचारलं, "यात एकूण प्रश्न किती आहेत?" मी म्हटलं 40. ते म्हणाले, "मला तेरा-चौदा दिसतात." एकच गोष्ट मी शब्द फिरवून तीनदा विचारली होती, मग उत्तरं जुळणार नाहीत तर काय होणार. तेव्हा रडले होते, आता हसू येतं. तू ते पाच प्रश्न काढशील तेव्हा हे डोक्यात असू दे, कारण 'हा काढला तर अल्फा वाढेल' ही यादी बघून काढत गेलं की एकाच अर्थाची वाक्यं उरतात, आणि वर तो वाढलेला अल्फा याच 212 मुलांपुरता असतो, दुसऱ्या मुलांवर टिकेलच असं नाही.

फॅक्टर किती धरायचे यासाठी तू 'आयगेन व्हॅल्यू (फॅक्टर किती मोठा तो आकडा) 1 च्या वर' हा नियम लावलास, कारण एसपीएसएससारखं सॉफ्टवेअर न सांगता तेच करतं. तो नियम बऱ्याचदा जास्त फॅक्टर दाखवतो. हॉर्न यांची 1965 ची पॅरलल अ‍ॅनालिसिस लाव, म्हणजे तुझ्याएवढीच मुलं आणि तेवढेच प्रश्न घेऊन पूर्ण रँडम आकडे तयार करायचे आणि तुझा फॅक्टर त्या कचऱ्यापेक्षा मोठा आहे का ते बघायचं. रोटेशनला, म्हणजे फॅक्टर वाचायला सोपे करायच्या पायरीला, व्हॅरिमॅक्सऐवजी ऑब्लिमिन घे, व्हॅरिमॅक्स फॅक्टरांचा आपसात संबंध नाही असं धरतं, आणि चिंतेचे दोन पैलू एकमेकांशी अजिबात संबंधित नाहीत असं गृहीत धरायला आपल्याकडे काही कारण नाही. पण लक्षात ठेव, हे सगळं करूनसुद्धा तो 'नाही'वाला फॅक्टर उभाच राहू शकतो, कारण तो खरोखरच डेटात आहे. फक्त तो धैर्याचा नाही. आणि याच 212 वर सीएफए (आधी ठरवलेली रचना डेटात बसते का ती तपासणी) करून 'रचना सिद्ध झाली' म्हणू नकोस, त्याला नवी मुलं लागतात.

रीटेस्टचं, म्हणजे त्याच मुलांना पुन्हा प्रश्नावली द्यायचं, थोडक्यात. पहिली फेरी परीक्षेच्या तोंडावर आणि दुसरी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीनंतर, हे वेळापत्रक बदल. गणपतीवर फळांची माटोळी बांधून, नेवऱ्या खाऊन आलेल्या पोराला कसली आलीय चिंता. गंमत म्हणजे सगळ्यांची चिंता सारखीच उतरली तर दोन फेऱ्यांचं कोरिलेशन तरीही झकास येईल, कारण ते मुलांची आपसातली जागाच बघतं, म्हणून दोन्ही वेळची सरासरी शेजारी शेजारी दे आणि आयसीसी पण काढ, दोन्ही वेळचे आकडे प्रत्यक्ष किती जुळतात ते बघणारा प्रकार.

आता काम. ते सहा प्रश्न सुलटे लिही, 'उडत नाही'चं 'उडते' कर, उमेद बदल, आणि शनिवारी माझ्याकडे ये. लॅपटॉप आण, पण भरलेले मूळ कागद पण आण, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, गेल्या वेळी डिचोलीचा गठ्ठा भिजवून आणलास तसा नको. आणि नव्या शाळेत बाईंकडे दुसरा तास माग, शेवटचा नको. शेवटच्या तासाला मुलं बॅग पाठीला लावून फॉर्म भरतात, त्या 40 फॉर्मांत वरून खालपर्यंत सरळ रेघेत 4 आहेत, ते पण आपण शनिवारी बघू.

तुझी,
मॅडम