‘सरकारी लागली’ म्हणायचं की नाही?

गेल्या काही आठवड्यांत समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या चौघांच्या तोंडून एकच प्रश्न ऐकला. “मॅडम, जनगणनेचं कंत्राटी काम मिळतंय. घेऊ का? घेतलं तर अभ्यास बुडतो, नाही घेतलं तर घरी पैसे मागायची लाज वाटते. आणि संपल्यावर काय?” विचारणारी मुलं पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमधली. कॉट बेसिसवर राहणारी, मेसचा डबा खाणारी, एमपीएससीचे तीन-चार प्रयत्न झालेली.

प्रश्न आत्ताच का येतोय ते उघड आहे. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२७ च्या जनगणनेसाठी ११,७१८ कोटी रुपये मंजूर केले. स्थानिक पातळीवर सुमारे १८,६०० तांत्रिक माणसं साधारण ५५० दिवसांसाठी घ्यायची, असं तेव्हाच जाहीर झालं. दारोदार जाणारे प्रगणक प्रामुख्याने शिक्षक आणि सरकारी कर्मचारीच असतात. पण मोजणी या वेळी मोबाइलवर होणार, त्यामुळे मागे बसून डिजिटल बाजू सांभाळणारी माणसं लागतात. आमच्या पेठांमधल्या मुलांच्या डोळ्यांसमोर आहेत ते हे ५५० दिवस.

अशा वेळी मला रोहिणी आठवते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे.

२०१२ सालची गोष्ट. रोहिणी परभणी जिल्ह्यातल्या एका गावची, वय सत्तावीस, पुण्यात येऊन पाच वर्षं झालेली. राज्यसेवेची मुख्य परीक्षा दोनदा दिलेली. २०११ च्या जनगणनेनंतर देशभर सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणना झाली, तिच्यात तिला डेटा एंट्री ऑपरेटरचं काम मिळालं होतं. पद्धत अशी होती की प्रगणक प्रश्न विचारणार आणि सोबतचा ऑपरेटर हातातल्या छोट्या टॅबलेटमध्ये उत्तरं भरणार. प्रगणक कायम नोकरीतला, ऑपरेटर ठेकेदाराकडून आलेला. एकाच दारात दोघं उभे, पण एकाला पेन्शन आहे आणि दुसऱ्याला पुढच्या महिन्याचीही खात्री नाही.

ती माझ्याकडे आली झोप लागत नाही म्हणून. पहिली वीस मिनिटं पायदुखी, ऊन, जिने याबद्दलच बोलली. मग एकदम म्हणाली, “मॅडम, मी खोटारडी झालेय.”

झालं होतं असं. काम मिळाल्यावर तिने घरी फोन केला, “गणनेचं सरकारी काम लागलंय.” आप्पांनी त्यातला ‘लागलंय’ तेवढा ऐकला. दुसऱ्या दिवशी काकांनी पारावर पेढे वाटले. पोरगी सरकारी लागली! आठवड्यात दोन स्थळं आली, त्यातलं एक शिक्षकाचं. आईने फोनवर विचारलं, “कायम कधी करतेत गं?” रोहिणी म्हणाली, “बघू.” त्या एका ‘बघू’वर तिने दोन महिने काढले होते. गळ्यातलं ओळखपत्र घालून काढलेला फोटो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला होता, आणि काम चार महिन्यांचं होतं.

मी तेव्हा एक चूक केली. “अनुभव मिळतोय ना, तो कुठे जात नाही,” असं म्हणून गेले. ती गप्प झाली आणि पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसली. पाच वर्षं परीक्षेच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीला ‘अनुभव’ हा शब्द ऐकून ऐकून वीट आलेला असतो. गावातल्या पारावर अनुभवाचे पेढे कुणी वाटत नाही. पुढच्या भेटीत मी ते वाक्य मागे घेतलं, आणि खरं बोलणं तिथून सुरू झालं.

‘कायम होईल का’ या प्रश्नाचं उत्तर आधी सरळ द्यायला हवं होतं. तिच्या मनात कुठेतरी आशा होती की चांगलं काम केलं तर साहेब ठेवून घेतील. आजच्या मुलांच्या मनातही तीच आहे. जनगणनेचं काम दहा वर्षांनी फुगतं आणि ओसरतं. त्यासाठी घेतलेली माणसं काम संपल्यावर कमी केली जातात, आणि ती न्यायालयातही गेलेली आहेत. १९९५ साली उत्तर प्रदेशातल्या अशाच कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काम मुळातच तात्पुरतं असल्याने तेवढ्यावरून कायम करण्याचा हक्क मिळत नाही. पुढे नियमित जागा निघाल्या तर त्यांचा विचार व्हावा. हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “बरं झालं कुणीतरी सांगितलं.”

समुपदेशनात आशा मोडायची भीती वाटते. पण काही आशा माणसाला रात्री जागं ठेवतात, आणि त्यांच्यावर तारीख लिहून टाकली की झोप येते. असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

मग दारांचं बोलणं निघालं. तिला दिलेला भाग दोन टोकांचा होता. सकाळी पर्वतीच्या पायथ्याची वस्ती, संध्याकाळी सहकारनगरकडच्या सोसायट्या. वस्तीत दार उघडंच असायचं. पाणी आधी यायचं, प्रश्न नंतर. पण एका घरातले प्रश्न विचारताना शेजारच्या चार घरांतली माणसं गोळा व्हायची आणि उत्तरं तीच द्यायची. फ्रीज आहे का विचारलं की बाई हो म्हणायची आणि शेजारीण मागून म्हणायची, “बंद पडलाय, नाही म्हण, यादीतून नाव जाईल.” सोसायटीत वॉचमन खालीच थांबवायचा. सेक्रेटरींना विचारा, रविवारी या, दुपारी बेल वाजवू नका. दाराला आतून साखळी, फटीतून एक डोळा. सोबतच्या प्रगणक सरांना खुर्ची मिळायची. रोहिणी टॅबलेट धरून उभी.

आणि जातीचा प्रश्न. तो आला की काही जण ताठ व्हायचे, काही जण आवाज खाली आणायचे. काही जण उलट विचारायचे, “आधी तुझी सांग.” हे तिने फार उशिरा, तिसऱ्या भेटीत सांगितलं. एका दारात तिने खरं सांगितलं, तर घरातल्या बाईंनी पुढे केलेला पाण्याचा पेला तसाच हातात धरून ठेवला. दुसऱ्या दारात ती खोटं बोलली, आणि त्या रात्री तिला उलटी झाली. झोप उडाली होती ती त्या दिवसापासून. घरचं ‘बघू’ आणि दारातलं हे खोटं तिच्या मनात एकमेकांत मिसळून गेलं होतं. म्हणून ती स्वतःला खोटारडी म्हणत होती.

या जागेवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. मी तिला म्हटलं, त्या दारात तुझी जात विचारायचा अधिकार कुणाला आहे? कागद काढून नेमणुकीच्या पत्रात काय लिहिलंय ते वाचू. काम माहिती नोंदवण्याचं. द्यायची माहिती एवढीच की मी कोण, कुठून आले, कशासाठी आले. मग आम्ही दोघींनी मिळून एक वाक्य बसवलं: “माझी नोंद माझ्या घरी झालीय, आता तुमची करते.” ती खोलीत उभी राहून ते दहा वेळा म्हणाली, पहिल्यांदा पुटपुटत आणि शेवटी सरळ बघून. पुढच्या आठवड्यात आली ती सांगतच आली, “तीनदा वापरलं मॅडम. एक आजी तर हसल्या आणि बस म्हणाल्या.”

दुसरी गोष्ट मी तिला तिच्याच कामातून दिली. रोज रात्री वहीत लिही, आज किती दारं वाजवली, किती उघडली, किती ठिकाणी अपमान झाला. ती मोजणारी मुलगी होती, तिला ते जमलं. एका दिवशी अडतीस दारं होती, नऊ बंद, आणि वाईट बोलणारं एकच. डोक्यात मात्र ते एकच घर घरी यायचं. तिच्या सोबतचे सर १९९१ पासून प्रत्येक जनगणनेला गेलेले. ते तिला म्हणायचे, “कुलूप असलं तर कुलूप लिहायचं बाळा, परत यायचं. ते आपलं नापास होणं नाही.” वर्षानुवर्षं निकालाच्या यादीत आपला नंबर शोधणाऱ्या मुलीला प्रत्येक बंद दार निकालासारखंच लागत होतं, हे सरांनी माझ्याआधी ओळखलं होतं.

घरी सांगायचं मात्र तिलाच करावं लागलं. फोनवर नको, मी म्हटलं, जाऊन सांग. ती शनिवारच्या रात्रीच्या गाडीने गेली. आप्पा दोन दिवस बोलले नाहीत. काकांचा पारावरचा अवघडलेपणा तर बराच काळ टिकला. शिक्षकाचं स्थळ मोडलं. हे गोड करून सांगता येणार नाही. आईने निघताना डब्यात धपाटे बांधून दिले आणि एवढंच म्हणाली, “आधीच सांगायचं होतंस की.” रोहिणीला त्या रात्री गाडीत झोप लागली. ती थेट पुणे स्टेशन आल्यावरच उठली.

कामाच्या शेवटच्या आठवड्यात तिने मला एका आजोबांची गोष्ट सांगितली. टॅबलेटमध्ये आधीच्या नोंदणीतली कुटुंबाची नावं आलेली असायची. दांडेकर पुलाजवळच्या एका खोलीत तिने नावं वाचली: त्यांचं आणि पत्नीचं. पत्नी सात महिन्यांपूर्वी गेलेली. आजोबा म्हणाले, “राहू दे ना तिचं नाव. तुमचं काय जातंय?” सर खिडकीबाहेर बघत राहिले. तिने पुढे काय केलं ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

काम संपलं. ओळखपत्र परत घेतलं गेलं. पुढे रोहिणीने आणखी एक प्रयत्न दिला, तोही गेला. मग चिंचवडला एका खाजगी रुग्णालयाच्या बिलिंग विभागात लागली, लग्न झालं.

२०२१ च्या सप्टेंबरात तिचा फोन आला. नऊ वर्षांनी. महाराष्ट्र सरकारने इतर मागासवर्गीयांची त्या गणनेतली आकडेवारी मागितली होती, आणि केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं होतं की ती वापरण्याजोगी नाही. १९३१ च्या जनगणनेत देशात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. या गणनेत ४६ लाखांहून जास्त नावं आली. एकट्या महाराष्ट्रात ४,२८,६७७. लोकांनी सांगितलं तसं, ऐकू आलं तसं लिहिलं गेलं. आडनाव, पोटजात, कुळ, एकाच नावाची वेगवेगळी स्पेलिंगं. त्या डिसेंबरात राज्याची याचिका फेटाळलीही गेली.

“मॅडम, त्यातली काही नावं माझ्या बोटांनी टाइप झाली असतील,” ती म्हणाली. “सर विचारायचे, त्या आजी सांगायच्या, आणि मी ऐकू आलं तसं लिहायचे. सगळं वाया गेलं का?”

मी या वेळी घाईने काही बोलले नाही. जातीची आकडेवारी बाहेर आली नाही, हे खरंच होतं. त्याच गणनेतली घर, साधनं, उत्पन्न ही माहिती मात्र २०१५ साली जाहीर झाली आणि घरकुलासारख्या योजनांत लाभार्थी ठरवताना वापरली गेली, हेही खरं होतं. पर्वतीच्या पायथ्याच्या बाईचा बंद फ्रीज आणि तिची जात एकाच टॅबलेटमध्ये गेली होती. पद्धत कशी ठरवायची हे तुझ्या हातात नव्हतं, जे ऐकू आलं ते तू लिहिलंस, एवढं मी म्हटलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्या आजोबांच्या बायकोचं नाव मी दोनदा मोठ्याने वाचलं होतं. त्यांना ऐकवलं. मग मृत अशी नोंद केली.”

परवा आलेल्या मुलाला मी यातलं थोडंच सांगितलं. तो नांदेडचा, वय अठ्ठावीस, हातात अर्जाची प्रत. मी त्याला विचारलं, पत्रावर संपण्याची तारीख काय आहे? पगार कोण देणार, कार्यालय की मधला कुणी? तेही लेखी घे. सकाळचे दोन तास अभ्यासाचे राहतील का? राहणार नसतील तर यंदाची परीक्षा सोडलीस असं स्वतःला स्पष्ट सांग, दोन्ही चाललंय असं भासवू नकोस. मनापासून सांगते, पैशाची ओढ असेल तर हे काम घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. दीड वर्ष घरून पैसे न मागणं ही लहान गोष्ट नसते. या वेळी जात मुख्य जनगणनेतच विचारली जाणार, आणि जनगणनेच्या १९४८ च्या कायद्याने माणसागणिक माहिती गोपनीय राहते. लोकांनी विचारलं तर हे ठामपणे सांगता यायला हवं. २०१२ ची ती गणना या कायद्याखाली नव्हती, त्यामुळे रोहिणीला तेवढाही आधार नव्हता.

“आणि घरी?” त्याने विचारलं.

“घरी काय सांगितलंयस?”

तो खाली बघायला लागला. मी त्याला रोहिणीच्या काकांचे पेढे सांगितले.

निघताना दाराशी चपला घालता घालताच त्याने फोन लावला. जिन्यातून त्याचा आवाज ऐकू येत होता. “अण्णा, ते काम दीड वर्षाचं आहे. नाही, कायम नाही. हो, तारीख लिहिलेली आहे त्यावर. थांबा, वाचून दाखवतो.”