न्यूमोनिया-आरएसव्हीच्या जागतिक रिसर्चसाठी यूकेला जायचंय? ताई, लोन काढायच्या आधी हे वाचा

ताई, तुम्ही विचारलंय की राजापूर तालुक्यातल्या पीएचसीला मेडिकल ऑफिसर आहात, लहान मुलांचे श्वसनाचे आजार आणि आई-बाळाचं आरोग्य ह्यावर जागतिक पातळीवरचा रिसर्च करायचाय, स्कॉटलंडला एक वर्षाच्या एमएससीची ऑफर आलीय, तर लोन काढून नवरा आणि ४ वर्षांच्या मुलीला घेऊन जावं का. मी मूळची गुहागरची, आता एडिंबऱ्यात ह्याच विषयात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. ह्या एमएससीसाठी लोन काढू नका. पीएचडीला या, आणि तीही तिकडे राजापुरात बसून नीट तयारी करून मग या.

व्हिसाचं पटकन उरकते. जानेवारी २०२४ पासून यूकेत साध्या, वर्गात शिकवतात त्या मास्टर्सला येणाऱ्याला कुटुंब डिपेंडंट म्हणून आणताच येत नाही, पीएचडी किंवा रिसर्च डिग्रीला असाल किंवा सरकारी स्कॉलरशिपवर असाल तरच येतं. म्हणजे तुमचा अर्धा प्रश्न इथेच संपला, मुलगी मागे राहणार. हेल्थ सरचार्ज, म्हणजे व्हिसासोबत भरायची इथल्या आरोग्यसेवेची फी, माणशी वर्षाला ७७६ पाउंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम आगाऊ भरायचा, पीएचडीला तिघं आलात तर तिघांचा मिळून हिशेब करून बघा. टीबीची टेस्ट लागते, ती त्यांनी ठरवून दिलेल्या सेंटरलाच, त्यासाठी मोठं शहर गाठायला लागेल. पीएचडीनंतर नोकरी शोधायला ३ वर्षं मिळतात. आणि एक, इथे पेशंट तपासायचे तर जीएमसीचं म्हणजे इथल्या मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन वेगळं काढावं लागतं, रिसर्चला ते लागत नाही पण ओपीडी सुटते, आणि तुमच्यासारख्या रोज बाळं बघणाऱ्या डॉक्टरला ते जड जातं. ह्याचा विचार आधी करा.

आता खरं काम. ग्लोबल बर्डन, म्हणजे एखाद्या आजाराने जगभरात किती जण आजारी पडतात आणि किती जातात त्याचा हिशेब, म्हटलं की लोकांना लॅब, सॅम्पल असं काहीतरी वाटतं. आमचं बरंचसं काम कॉम्प्युटरसमोर. जगभरातून छापून आलेले हजारो पेपर आधी टायटल बघून गाळायचे, दोन जणींनी एकमेकींचं न बघता, मग जमलं नाही तिथे तिसरीने निवाडा करायचा, मग प्रत्येक अभ्यासातून कुठल्या वयाची किती मुलं होती, किती अॅडमिट झाली, किती गेली, ऑक्सिजन मोजला होता का, टेस्ट कुठली वापरली हे काढायचं, ज्यांनी छापलंच नाही त्यांना ईमेल करून डेटा मागायचा, आणि मग आर ह्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल. एकेका केस डेफिनिशनवर, म्हणजे कोणाला केस म्हणून मोजायचं ह्यावर, दोन-दोन तास मीटिंग चालते, कारण एका देशात ‘गंभीर न्यूमोनिया’ म्हणजे छाती आत ओढली जाते ते बाळ आणि दुसऱ्या देशात अॅडमिट केलं ते बाळ, हे एकत्र मिसळलं तर आकडा खोटा पडतो. सिअॅटलच्या आयएचएमई ह्या संस्थेतले लोक सगळ्याच आजारांचा ग्लोबल बर्डन काढतात, एडिंबऱ्यात एकेका व्हायरसमध्ये खोल जायची पद्धत जास्त.

आकडे बघा म्हणजे मी काय म्हणतेय ते लक्षात येईल. हरीश नायर यांच्या इथल्या ग्रुपने लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमध्ये २०२२ साली आरएसव्हीचे, म्हणजे लहान बाळांना धाप लावणाऱ्या श्वसनाच्या व्हायरसचे, अंदाज दिले. २०१९ ह्या एका वर्षात ५ वर्षांखालच्या मुलांत आरएसव्हीमुळे फुफ्फुसापर्यंत गेलेली इन्फेक्शन्स साधारण ३ कोटी ३० लाख, अॅडमिशन ३६ लाख, हॉस्पिटलमधले मृत्यू २६,३००. आणि एकूण मृत्यू किती? १,०१,४००. ताई, हा फरक नीट बघा. दर चारातली जवळपास तीन मुलं हॉस्पिटलच्या बाहेर गेली, घरी नाहीतर वाटेत. एकूण मृत्यूंपैकी ४५,७०० तर ६ महिन्यांच्या आतली बाळं. आणि ९७ टक्क्यांहून जास्त मृत्यू आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत.

आता मला सांगा, हॉस्पिटलबाहेरच्या त्या मृत्यूंची माहिती एडिंबऱ्यात बसून कोण देणार? ती तुमच्या आशाताईंच्या वहीत असते, किंवा नसते. जगाचा आकडा शेवटी त्या वहीवर उभा आहे आणि तिथेच तो सगळ्यात कच्चा आहे. म्हणून म्हणते, तुम्ही आत्ता ज्या खुर्चीत बसलाय ती सोडून नुसतं मेटा-अॅनालिसिस, म्हणजे छापलेल्या अभ्यासांचे आकडे एकत्र करणं, शिकायला धावत येऊ नका, ते शिकता येतं, आर तर घरी बसूनही शिकता येतं.

कोकणातली अडचण तर अजून वेगळी, आणि मला वाटतं तुमची पीएचडी त्यातच आहे. पहिलटकरीण नाव नोंदवते डोंबिवलीला नाहीतर विरारला, सातव्या महिन्यात माहेरी येते, बाळंतपण रत्नागिरीला नाहीतर गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात, सव्वा महिन्याने नाहीतर तिसऱ्या महिन्यात परत मुंबई. मग बाळाला दुसऱ्या महिन्यात धाप लागली, पोट उडायला लागलं, तर ते कुठल्या तालुक्याचं मोजायचं? आई-बाळाच्या तपासण्यांचं एमसीपी कार्ड एकीकडे, सरकारी नोंदणीचा आरसीएच नंबर दुसरीकडे. गणपतीला सगळे चाकरमानी येतात तेव्हा वाडीतली बाळं आठवडाभरात वाढतात, त्याच पावसात घरं बंद, ओलं सरपण, आंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली. आणि नेमकं ६ महिन्यांच्या आतलं हेच बाळ सगळ्यात धोक्यातलं.

ह्याचं आईशी नातं का आहे ते तुम्हाला ठाऊक असेलच तरी लिहिते. आरएसव्हीची लस आता गरोदर बाईला देतात, अँटीबॉडी वारेतून बाळाला जातात आणि पहिले काही महिने त्याला सांभाळतात. अमेरिकेने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी दिली, स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट २०२४ पासून आणि बाकी यूकेत सप्टेंबर २०२४ पासून २८ आठवड्यांपासून पुढे देतात. आपल्याकडे उद्या असा कार्यक्रम आला तर सातव्या-आठव्या महिन्यात बाई नेमकी कुठे असते? कदाचित कोकण रेल्वेत. डोस मुंबईत द्यायचा की माहेरी, हे आकड्यांनी दाखवणारं कोणीतरी पाहिजे. ते तुम्ही दाखवा.

फक्त प्रश्न घाईने पक्का करू नका. चुलीच्या धुराचंच घ्या. तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथे हॅपिन नावाची मोठी ट्रायल झाली, ३,२०० गरोदर बायकांच्या घरांपैकी निम्म्यांना गॅस शेगडी आणि फुकट सिलिंडर दिले, धूर खरोखर कमी झाला, तरी बाळांचा गंभीर न्यूमोनिया ठळकपणे कमी झाल्याचं काही दिसलं नाही. चूल चांगली असा त्याचा अर्थ अजिबात नाही, पण ‘धूर काढला की न्यूमोनिया गेला’ असं प्रपोजलमध्ये लिहिलंत तर पहिल्या इंटरव्ह्यूतच अडकाल.

तयारी म्हणजे काय तर तुमच्या पीएचसीच्या हद्दीत वर्षभर २ वर्षांखालच्या प्रत्येक आजारी बाळाचा श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजून लिहायचा, २ महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे ४०, एवढे किंवा जास्त श्वास म्हणजे धाप, ही मर्यादा तुम्हाला पाठ आहे पण रजिस्टरवर येत नाही, सोबत पल्स ऑक्सिमीटरचा आकडा, आणि आई मुळात कुठे राहते ते. एवढंच, पण न चुकता. अभ्यास म्हणून छापायचं तर एथिक्स कमिटीची परवानगी सुरू करायच्या आधी घ्या, नंतर मागून मिळत नाही. परदेशी संस्था जोडली गेली की आयसीएमआरमार्फत एचएमएससी ह्या आरोग्य मंत्रालयाच्या समितीची मंजुरी लागते, त्याला वेळ जातो, तो धरूनच चाला. आणि पहिल्यांदा एकटीने करू नका, डेरवणला वालावलकर हॉस्पिटलमध्ये किशोरवयीन मुलींचा कोहॉर्ट, म्हणजे त्याच मुलींचा वर्षानुवर्षं पाठपुरावा, चालू आहे, तुमच्याच जिल्ह्यात आहे, भेटून या. पुण्याच्या केईएम रिसर्च सेंटरचं वढू गावातलं ग्रामीण आरोग्याचं काम बघा. बंग दांपत्याने गडचिरोलीतून गावातल्याच माणसांच्या हातून बालन्यूमोनियाचे मृत्यू कमी करून दाखवले, तो पेपर १९९० साली लॅन्सेटमध्ये आला, तो आधी वाचा, मग बाकीचे.

मग युनिव्हर्सिटीचं नाव बघून नाही तर गाइड बघून अर्ज करा. एडिंबरा, लंडनचं हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन, लिव्हरपूल, बासेलचं स्विस टीपीएच, सगळीकडे ह्या विषयातली माणसं आहेत. गाइडला पाठवायचा ईमेल अर्ध्या पानाचा, त्यात तुमचा प्रश्न आणि तुमच्याकडचा डेटा, बाकी कौतुक नको. त्यांच्या जुन्या स्टुडंटशी बोला, पेपरवर भारतातल्या डॉक्टरांचं नाव पहिलं येतं की आभारात जातं हे त्यांच्या पाचसहा पेपरांवरून कळतं, मी तर ते सगळ्यात आधी बघते. चेव्हनिंग ही यूके सरकारची स्कॉलरशिप मिळत असेल तर एमएससीही चालेल, पण त्याला दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं भारतात परतायची अट असते. तेवढ्यात तुमचा सरकारी सेवेचा बाँड बाकी असेल तर तोही संपवून टाका.

राहण्याचं म्हणाल तर होतं सगळं. डिसेंबरात दुपारी पावणेचारला अंधार पडतो, नर्सरीतून मुलं सारखा खोकला घरी आणतात, सुरमई मिळते पण फ्रोजन. मुलगी ५ वर्षांची झाली की तिला सरकारी शाळा फुकट आहे.

तुमचा प्रश्न एका पानात मराठीतच लिहून मला मेसेज करा, इंग्रजी नंतर बघू. ऑफरला उत्तर द्यायची तारीख काय आहे तेही लिहा, पुढच्या वर्षावर ढकलता येते का ते त्यांना आजच विचारून ठेवा.