पाकट या चपट्या माशाचे तोंड पोटाकडच्या बाजूला असते, मग त्याला भक्ष्य कसे सापडते आणि शिंपले कसे फुटतात?

पाकटाचा वरचा जबडा आपल्याप्रमाणे कवटीशी जुळलेला नसून सुटा टांगलेला असतो, त्यामुळे वाळूवर बसल्याबसल्या ते तोंड खाली झटकन काढून भक्ष्य पाण्यासकट आत ओढू शकते. मुशीचा (शार्कचा) जबडाही असाच सुटा असतो, परंतु तिचे दात बहुधा पकडण्यासाठी किंवा कापण्यासाठी अणकुचीदार असतात. शिंपल्यांवर जगणाऱ्या गरुड पाकटांचे दात मात्र चपटे, फरशीसारखे एकमेकांना भिडलेले असतात आणि झिजले की मागची रांग पुढे सरकते. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे की, एवढे टणक कवच हाडाने नव्हे, तर कूर्चेच्या, म्हणजे हाडापेक्षा मऊ व लवचीक ऊतीच्या, जबड्याने फुटते. त्या कूर्चेच्या आत कॅल्शियमने कडक झालेले बारीक टेकू असतात व चावण्याचा दाब तेच पेलतात.

डोळे पाठीवर असल्याने तोंडाखालचे भक्ष्य पाकटाला दिसत नाही. ते वासावरून, तसेच वाळूत दडलेल्या जिवाचे क्षीण विद्युतक्षेत्र टिपणाऱ्या, तोंडाभोवतीच्या सूक्ष्म छिद्रांच्या साहाय्याने सापडते. तळाशी विसावलेले पाकट श्वासाचे पाणी मुख्यतः डोळ्यांमागच्या छिद्रांतून घेते, म्हणून कल्ल्यांत वाळू जात नाही. प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळून खाणाऱ्या मांटा पाकटाचे तोंड मात्र थेट समोर असते.