"हे अगदी आळशी झालेत हो!"

"हाताची थरथर कमी झाली, चालणंही सुधारलं, पण माणूस खुर्चीतून हलत नाही." पार्किन्सनच्या रुग्णांच्या बायका, मुलं, सुना माझ्यासमोर बसून हेच सांगतात आणि पुढचा शब्द ठरलेला असतो: आळस. इतक्यांदा ऐकलं, म्हणून एका घराची गोष्ट लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू आल्या त्या तणतणतच. काका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. "जन्मभर स्वस्थ बसले नाहीत. आता आंघोळीलासुद्धा दहादा सांगावं लागतं. फिरायला येताय का विचारलं, तर 'बघू'. आणि नातू आला की बरोबर उठतात! मग माझ्याशीच असं का?"

खरा सल त्या शेवटच्या वाक्यात होता.

पार्किन्सनमध्ये नैराश्यही येतं, ते आधी तपासायला हवं. काकांच्या डॉक्टरांनी ते पाहिलं होतं. काका उदास नव्हते. जेवत होते, झोपत होते, विनोदाला हसत होते. फक्त आपणहून काही सुरू करत नव्हते.

मग मी कागदावर मेंदू काढला. नुसता धीर देण्यापेक्षा आजाराची जागा दाखवली की घरातला राग लवकर निवळतो, असा माझा अनुभव आहे. 1964 साली स्वीडनमध्ये डालस्ट्रॉम आणि फुक्से यांनी उंदराच्या मेंदूत डोपामाइनसारखी, पेशीपेशींत निरोप पोचवणारी रसायनं बनवणाऱ्या पेशींचे पुंजके शोधून त्यांना क्रमांक दिले. त्यातल्या 'ए-8'पासून पुढच्या पुंजक्यांत डोपामाइन तयार होतं. प्रत्येकाचं काम वेगळं. 'ए-12' मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात बसून दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला आवर घालतो. आपल्याला हवे ते दोन मध्यमेंदूत, शेजारीशेजारी. 'ए-9' म्हणजे सबस्टॅन्शिया नायग्रा. तिथल्या पेशींत गडद रंगद्रव्य असतं, म्हणून तो भाग नुसत्या डोळ्यांना काळपट दिसतो. हालचाल सुरळीत ठेवणाऱ्या भागांना डोपामाइन इथून जातं. शेजारचा 'ए-10' पुढच्या मेंदूकडे आणि उमेद जागवणाऱ्या केंद्राकडे तंतू पाठवतो. मेंदूतल्या सुमारे 8,600 कोटी चेतापेशींपैकी मध्यमेंदूतल्या या पेशी जेमतेम काही लाख. पार्किन्सनमध्ये 'ए-9'ची पडझड सर्वांत जास्त होते, पण 'ए-10'ही पुरता वाचत नाही.

"म्हणजे त्यांना आता कशातच गोडी उरली नाही?" काकूंनी विचारलं.

हा प्रश्न फार मोलाचा. मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ संपवलं. उंदीर समोरचं अन्न खायलाही जाईनात. पण गोड पाणी तोंडात सोडलं की पूर्वीसारखेच जिभल्या चाटत. गोडी शाबूत होती, तिच्यामागे जाणं थांबलं होतं.

मी काकूंना विचारलं, "नातू आल्यावर नेमकं काय करतो?"

त्या आठवू लागल्या. "काही नाही हो. कॅरम मांडतो. आजोबांच्या हातात स्ट्रायकर देतो आणि म्हणतो, तुमची पाळी."

"तो विचारतो का, खेळताय का म्हणून?"

काकू थांबल्या. बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "नाही. विचारत नाही. मी मात्र दिवसभर विचारतेच." मग डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे त्यांना माझा कंटाळा आलेला नाही."

इतके दिवस मीही अशा घरांमधून रुग्णाच्याच मनाचा शोध घेत आले होते. त्या दिवशी मला लख्ख दिसलं की प्रश्न विचारला की निर्णय आणि सुरुवात, दोन्हींचा भार रुग्णावर पडतो, आणि त्याच जागी मेंदू अडतो. बाहेरून सुरुवात मिळाली तर पुढचं पुष्कळदा जमतं. जमिनीवर आखलेल्या पट्ट्या बघत पार्किन्सनचे रुग्ण चांगलं चालतात, तेही याच वाटेने. मन होईल तेव्हा कृती होईल, अशी वाट बघू नये. कृती सुरू झाली की मन मागून येतं, हे मी नेहमी सांगते. इथे तर ते मेंदूच्या रचनेलाच धरून आहे.

काकूंनी प्रश्न बंद केले. ठरल्या वेळी चपला पायाशी ठेवायच्या, हात पुढे करायचा, "चला." गोळीचा परिणाम चांगला असतो ती वेळ निवडायची. काका आता रोज कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जातात. आपणहून अजूनही फारसं सुरू करत नाहीत, पण काकूंनी ते मनाला लावून घेणं सोडलं आहे.

दोन गोष्टी हमखास विचारल्या जातात, त्या सांगून टाकते. डोपामाइन पोटातून घेऊन उपयोग नसतो, ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. ज्यापासून मेंदूत डोपामाइन बनतं ते लेव्होडोपा शिरतं, म्हणून गोळी त्याची. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं, पण म्हणूनच गोळ्यांसोबत तिचं चूर्ण डॉक्टरांना न सांगता घेऊ नका. आणि डोपामाइनसारखं काम करणाऱ्या काही औषधांनी उलटं टोकही गाठलं जातं: लॉटरी, ऑनलाइन पत्ते, अनावर खरेदी. तसं दिसलं तर लाजेने दडवू नका. गोळी मनाने बंदही करू नका, ते धोक्याचं असतं. त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा.