नोटपॅड++मध्ये कंसातला कंस रेजेक्सने कसा पकडायचा?

इंदूरच्या पत्त्यांच्या यादीत «सराफा (राजवाड्याजवळ (इंदूर))» अशा ओळी आहेत आणि तुमचा रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) \(.*?\) पहिल्याच बंद कंसाशी थांबतो. थांबणारच. किती कंस उघडलेत हे साध्या रेजेक्सला मोजता येत नाही, त्यामुळे हव्या तितक्या खोल जोड्या त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. नोटपॅड++चं बूस्ट इंजिन (त्यातला रेजेक्स चालवणारा भाग) मात्र पुनरावर्तन करतं, म्हणून तिथे हे खात्रीने वापरा:

\((?:[^()]++|(?0))*\)

(?0) म्हणजे इथे अख्खा पॅटर्न पुन्हा लाव. ++ मधलं एकही अधिक चिन्ह काढू नका. एखादा कंस बंद करायचा राहून गेला असेल, तर एकच + ठेवल्यास शोध फार रेंगाळतो.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये उघड्या फाइलीतल्या शोधाला हे जमत नाही. तिथे दोन पातळ्यांपुरतं \((?:[^()]|\([^()]*\))*\) भागतं. विम या एडिटरमध्ये नुसतं जोडीच्या कंसावर जायचं असेल तर % दाबा.